खिसा, पिशवी आणि वायपर

प्रिय पिल्लू,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की राण्या सोडल्या तर इतिहासात बायका कमीच होत्या. तेव्हा मी कामात होते म्हणून हं हं केलं, पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

अरे, होत्या की! पण लिहून कोण ठेवणार? साधा खिसा घे. 18व्या शतकात इंग्लंडमधल्या बायकांचा खिसा कपड्याला शिवलेला नसायचा, नाडी लावलेली वेगळी कापडी पिशवी असायची, ती कमरेला बांधायची, वरून स्कर्ट, आणि स्कर्टला बाजूला चीर ठेवलेली, त्यातून हात घालायचा. लग्न झालं की बाईचा पैसाअडका कायद्याने नवऱ्याचा (हे नीट बदललं ते 1882 च्या कायद्याने), त्यामुळे हक्काची म्हणावी अशी जागा एवढीच. आणि त्यात ती काय ठेवायची हे आज कशामुळे कळतं माहितीये? चोरांमुळे! खिसा चोरीला गेला की लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात केस, तिथे बाई सांगणार की अंगुस्तान होतं, कात्री होती, किल्ल्या, सुटे पैसे, आणि कारकून ते लिहून घेणार. जिचा खिसा कुणी मारला नाही तिचं कागदावर काहीच नाही.

सपाट बुडाची कागदी पिशवी असते ना, तिचंही तेच. ती बनवायचं मशीन मार्गारेट नाइटचं. अमेरिकेत पिशव्यांच्या कारखान्यात कामाला होती, आधी लाकडी मॉडेल केलं, मग लोखंडी करायला वर्कशॉपमध्ये दिलं, तिथे चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या माणसाने ते बघितलं आणि सरळ स्वतःच्या नावावर पेटंट मागितलं. ही कसली गप्प बसते, ड्रॉइंग्ज, नोंदी, मॉडेल सगळं पुढे ठेवलं, साक्षीदार आणले, आणि 1871 ला पेटंट तिलाच मिळालं. बघ, इथेही चोरी झाली म्हणून एवढा तपशील राहिला.



मेरी अँडरसनचं मात्र कुणी काही चोरलं नाही. 1903 ला गाडीच्या वायपरचं पेटंट घेतलं, तर एका कंपनीने कळवलं की यात धंद्याच्या दृष्टीने अर्थ नाही, मुदत संपली 1920 ला, आणि बाईच्या हाती एक पैसा आला नाही.

तुझी,
आई