शाळेतल्या बंद संगणकांना जागे करा

मा. संपादक,

उन्हाळी सुट्टीत कुलूपबंद राहिलेले मराठवाड्यातल्या शाळांचे संगणक जूनमध्ये 'बिघडलेले' ठरतात. बऱ्याचदा तसे नसते. यूपीएसची (वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणाऱ्या उपकरणाची) १२ व्होल्टची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती नीट चार्ज होत नाही. महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावावी. तारीख मागे गेली, वेबसाइट उघडेनात, तर मदरबोर्डवरचा (संगणकातल्या मुख्य सर्किटच्या पाटीवरचा) सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदला. बीप वाजून पडदा काळाच राहिला, तर प्लग काढून रॅमची, म्हणजे मेमरीच्या पट्टीची, सोनेरी कड खोडरबराने पुसा. एवढ्यासाठी नवा संगणक कशाला?

आणि नुसते टायपिंग पुरे झाले! स्क्रॅच ही मुलांसाठीची ठोकळे जोडून प्रोग्रामिंग शिकवणारी प्रणाली इंटरनेटशिवायही चालते. त्यात पडद्याचा मध्य शून्य, डावी कड उणे २४०. त्यातले मांजर डावीकडे पळवताना पाचवी-सहावीच्या मुलांना ऋण संख्या सहज कळतात.

– एक संगणक शिक्षक, परभणी