कुंपणाच्या झुडपांना फळ धरू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बाजारात सध्या करवंदांच्या पाट्या दिसत आहेत आणि लवकरच जुलैतील वनमहोत्सवासाठी रोपांची जुळवाजुळव सुरू होईल. या दोहोंची सांगड घालावी, एवढ्यासाठी हे पत्र.

शहरांतील उद्याने, रस्तादुभाजक आणि गृहनिर्माण संस्थांच्या कडेने हल्ली सोनेरी पानांचा दुरांटा सर्रास लावला जातो. तो फांदीपासून चटकन लागतो आणि कितीही छाटला तरी तग धरतो, हे खरे. परंतु तो मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, आणि त्याला फळे धरलीच तर ती पिवळी फळे लहान मुलांच्या पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते. शोभेसाठी आणलेले झुडूप पुढे काय करू शकते, हे घाणेरीने दाखवून दिलेच आहे. तिची फळे पाखरांनी खाल्ली, बी रानोमाळ पडले आणि चराईची कुरणे तिने गिळली.

करवंद मात्र आपल्याच डोंगरांतले. पांढऱ्या सुवासिक फुलांचे झुबके, मग हिरवी-गुलाबी कच्ची फळे आणि वैशाखात काळीभोर करवंदे, अशी शोभा विकतच्या कोणत्या झुडपात आहे? फळ फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळण्याचा आनंद शहरातल्या मुलांनाही मिळायला हवा.

अडचण आहे ती सबुरीची. करवंदाचे बी साठवणीत टिकत नाही. पिकलेल्या फळातून काढून, गर धुऊन, ते लगेच पेरावे लागते. रोप पहिल्या वर्षी अगदी सावकाश वाढते. समोरासमोर दोन-दोन चिवट पाने, देठ मोडताच येणारा पांढरा चीक, आणि कोवळ्या काट्यांची जोडी दिसू लागली की ते रुजले असे समजावे. पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावल्यावरही फळासाठी आणखी दोन-तीन वर्षे थांबावे लागते. कुंपणाला लावले जाणारे दुसरे झुडूप, कुंती (कामिनी), हीही ताज्या बियांपासून अशीच येते आणि तिच्या शेंदरी फळांवर बुलबुल हटकून उतरतात.

या प्रतीक्षेवर पाणी पडते ते कात्रीमुळे. दोन्ही झुडपांची फुले फांद्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे दरमहा सपाट कापलेल्या कुंपणाला फळ दिसणे कठीणच. आमच्या भागातील एका उद्यानात कुंतीचे लांबलचक कुंपण आहे, पण कळ्या दिसू लागताच ते कापले जाते. जोपासना होते ती केवळ हिरव्या भिंतीची.

म्हणून उद्यान विभागांना विनंती आहे की, याच हंगामात करवंदाचे बी गोळा करून पिशव्यांत पेरावे, देखभालीच्या निविदेत करवंदाच्या कुंपणाची छाटणी फळे उतरल्यानंतर एकदाच करण्याची अट घालावी, आणि काट्यांचा विचार करून ही झुडपे पायवाटेपासून व खेळाच्या जागेपासून चार-पाच फूट आत लावावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे