वाडे वयाने पडत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की लहान शहरांच्या पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या दारांवर ‘धोकादायक इमारत’ अशा नोटिसा लागतात. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ ने तो अधिकार दिला आहे. प्रश्न माणसांच्या जिवाचा असल्याने तो वापरलाही पाहिजे. पण वाडा धोकादायक झाला कसा, हे कोणी विचारत नाही. ‘जुना झाला’ एवढ्यावर विषय संपतो, आणि तिथेच चूक होते. वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा अठराव्या शतकातला आहे आणि आजही उभा आहे. सागाला ओल लागली नाही, वाळवी लागली नाही, तर त्याला वयाची भीती नसते. वाडा पडतो तो त्याच्या भोवती गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे केले गेले त्यामुळे.

आधी रस्ता घ्या. जुना थर न खरवडता दर वेळी त्यावर नवा डांबराचा किंवा काँक्रीटचा थर टाकला जातो. प्रत्येक वेळी चार-सहा इंच. चार-पाच वेळा असे झाले की दोन फूट उंचीचे दगडी जोते रस्त्याच्या बरोबरीला येते आणि पहिल्याच मोठ्या सरीला पाणी देवडीतून, म्हणजे दारामागच्या पहारेकऱ्याच्या जागेतून, चौकात शिरते. चौकातले पाणी बाहेर नेणारी मोरी रस्त्याच्या खाली गाडली गेलेली असते, त्यामुळे ते जोत्यातच मुरते. भिंतीला भिडवून काँक्रीट ओतले असेल तर जमिनीतली ओल वर उडून जायला जागा राहत नाही. ती भिंतीतून चढते.

इथे दुसरी चूक येते. ओल दिसली की मालक सिमेंटचा गिलावा करतो. वाड्याची भिंत म्हणजे बाहेर दगड किंवा वीट, आत वीट आणि मधे माती-दगडांची भर. चुन्याचा गिलावा ही ओल हवेत सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवते. कोंडलेले पाणी आणखी वर चढते, त्यातले क्षार गिलाव्यामागे साठतात आणि विटेचा भुगा होतो. भिंतीत बसवलेली तुळयांची टोके याच पट्ट्यात सापडली की आतून कुजतात. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी लागते, मागोमाग वाळवी येते. बाहेरून गिलावा गुळगुळीत दिसतो, आत तुळईला टेकायला काही उरलेले नसते.

पण सगळ्यात जास्त वाडे जातात ते शेजारी नवी इमारत उभी राहताना. गावठाणात वाडे एकमेकांना खेटून आहेत, कित्येक ठिकाणी मधली भिंत सामाईक आहे. एक वाडा जेसीबीने पाडला की शेजारच्याची भिंत उघडी पडते. ही भिंत पावसात उभी राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. तिच्या मातीच्या भरीत पाणी शिरते, भर खाली बसते आणि बाहेरचा थर पोट काढतो. वर्षानुवर्षे शेजारच्या वाड्याचा जो आधार होता, तोही गेलेला असतो.

मग खोदाई सुरू होते. जुन्या भिंतीचा पाया रुंद असतो, पण फार खोल नसतो. त्याला लागून दहा-बारा फूट उभा खड्डा घेतला तर पायाखालची माती खड्ड्याकडे सरकते. दोन पाये वेगवेगळ्या पातळीवर असतील तर ढोबळ नियम असा, की एक फूट खाली जायचे तर दोन फूट आडवे अंतर सोडावे. पेठेतल्या अरुंद प्लॉटवर एवढी जागा सोडणे शक्य नसते. अशा वेळी लागून असलेला भाग चार-पाच फुटांच्या तुकड्यांत, एक आड एक खोदून, पहिला तुकडा भरून झाल्यावरच पुढचा घ्यायचा असतो. याला वेळ लागतो म्हणून कोणी करत नाही. खड्ड्यातले पाणी रात्रंदिवस पंपाने उपसले की शेजारची जमीन खचते, आणि काळ्या मातीत तर ती ओलीची सुकी होतानाही आक्रसते. मग वाड्याच्या भिंतीला तिरकी भेग जाते, तिचा फोटो नगरपरिषदेच्या फायलीत लागतो आणि धोकादायक ठरतो तो वाडा. खड्डा घेणाऱ्याची परवानगी तशीच राहते.

बांधकाम परवानगी देतानाच काही अटी घातल्या तर यातले बरेचसे टळेल. खोदाईपूर्वी शेजारच्या इमारतींची फोटोंसह, तारखेनिशी नोंद करावी. पाडकाम हाताने, वरून खाली, तिरके टेकू देऊन करावे. सामाईक भिंतीजवळ यंत्र आणू नये. उघडी पडलेली भिंत पावसाळ्याआधी चुन्याच्या गिलाव्याने झाकावी आणि तिच्या माथ्यावर पाणी उतरवणारी पट्टी बसवावी. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहावी, आणि काच फुटली की खोदाई थांबवावी. या शेवटच्या उपायाला खर्च जवळपास नाहीच, पण तो बहुतेक साइटवर दिसत नाही.

स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीबद्दल, स्पष्ट बोलायला हवे. धोकादायक इमारतींचे सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ असे वर्ग आहेत. त्यातल्या सी-१ लाच रिकामी करून पाडायची असते, बाकीच्या तिन्ही दुरुस्तीच्या आहेत. पण वाड्यांचे अहवाल काँक्रीटच्या इमारतींच्या साच्यात भरले जातात. रिबाउंड हॅमरची, म्हणजे ठोका देऊन पृष्ठभागाचा कठीणपणा मोजण्याची, चाचणी काँक्रीटसाठी आहे. वीट, माती आणि सागाच्या इमारतीबद्दल ती काहीही सांगत नाही. वाड्यात तुळयांची टोके ठोकून आवाज ऐकावा लागतो, टोचा किती आत जातो ते पाहावे लागते, ओलावा मापकाने मोजावा लागतो, ओळंबा लावून भिंत किती झुकली आणि तिचे पोट किती आले ते लिहावे लागते. तळखड्यावरून, म्हणजे खांबाखालच्या दगडावरून, खांब सरकला आहे का, हे वाकून बघावे लागते. या नोंदी नसलेल्या अहवालावर सी-१ चा शिक्का बसत असेल तर नगरपरिषदेने तो परत पाठवावा.

दुरुस्ती अशक्य नसते. कुजते ते बहुधा तुळईचे टोक, सगळी तुळई नव्हे. खाली टेकू देऊन, कुजका भाग कापून, जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो आणि स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या व बोल्टने तो बांधता येतो. विटा-दगडांमधल्या सांध्यांत (दर्जांत) एक भाग भिजवून मुरवलेला चुना आणि दोन ते तीन भाग वाळू किंवा सुरखी (विटेची पूड) हे मिश्रण वापरावे आणि ते काही दिवस गोणपाटाखाली दमट ठेवावे. मात्र सुरुवात छपरापासून करावी. फुटकी कौले आणि तुंबलेली पन्हळ तशीच ठेवून खाली केलेला खर्च वाया जातो.

मालकांना दोष देणे सोपे आहे. मिळकत पत्रिकेवर डझनभर वारस, नाममात्र भाडे, आणि दुरुस्तीला कोणाचीही मदत नाही, अशा स्थितीत बिल्डरचा प्रस्ताव हाच एक मार्ग दिसतो. हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे आपल्या जागेवर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकण्याची, सवलत महानगरांत चालते. लहान शहरात तो हक्क विकत घेणारा क्वचितच असतो. इथे उपयोग होईल तो वेगळ्या सवलतींचा. रस्त्याकडचे दोन-तीन खण (दोन खांबांमधले गाळे), दिंडी दरवाजा आणि पहिला चौक राखून मागच्या भागात नवे बांधकाम करू द्यावे आणि त्यासाठी पार्किंगची व रस्त्यापासून पुढे मोकळे अंतर सोडण्याची अट शिथिल करावी. आज याच दोन अटींमुळे पेठेची सलग दर्शनी रेषा तुटते आणि ओसरीच्या जागी पार्किंगचा अंधार येतो. राखलेल्या भागाला घरपट्टीत सूट द्यावी.

जे जे किल्ल्यांचा अभिमान बोलून दाखवतात त्यांनी हेही पाहावे, की २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांना माणसे, धान्य आणि कारागीर पुरवणाऱ्या अशाच पेठा होत्या. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि स्थापत्यदृष्ट्या मोलाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. त्यासाठी आधी यादी लागते, आणि बहुतेक लहान शहरांत यादीत एखादे मंदिर, एखादी वेस आणि सरदारांचा एखादा वाडा एवढेच असते. तीन खणांची साधी घरे, ज्यांच्यामुळे पेठ पेठ दिसते, त्यात नसतात.

ही यादी करायला मोठी यंत्रणा लागत नाही. वास्तुकला किंवा स्थापत्य शाखेचे विद्यार्थी, मोजपट्टी, कॅमेरा आणि मिळकत पत्रिकांचे क्रमांक एवढ्यावर एका पेठेचे काम एका सुट्टीत होते. दर्शनी भागाचा मोजणी नकाशा, खणांची संख्या, लाकडाची अवस्था आणि छपराचा प्रकार, प्रत्येक घरामागे एक पान. पुढच्या नोटिसा निघण्यापूर्वी नगरपरिषदांनी निदान ही पाने तयार ठेवावीत, आणि नोटिशीसोबत त्या घराचे पान जोडावे.

आपले,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारे काही स्थापत्य अभियंते