बाबांसाठी मूकपट

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, कानाचं मशीन लावलं की संवादांपेक्षा पंख्याचीच घरघर मोठी होते, म्हणून तुम्ही टीव्हीसमोर बसणंच सोडलंत, असं आई सांगत होती. तिलाही एकटीला बघवत नाही. म्हणून हे पत्र. तुम्ही दोघं मूकपट बघा, तेही प्रेमाचे, हसवणारे.

सुरुवात बस्टर कीटन या विनोदी नटाच्या 'शेरलॉक ज्युनिअर'ने करा. १९२४ सालचा, जेमतेम पाऊण तासाचा. थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा एक गरीब मुलगा. मुलीला द्यायला तो एक डॉलरचा मिठाईचा डबा घेतो आणि वरच्या किमतीतल्या १ चा हळूच ४ करतो. अंगठी देतो, पण तिच्यातला हिरा इतका बारीक की तो बघायला सोबत भिंगही देतो! आणि तो ४ च त्याला भोवतो. दुसऱ्याच माणसाने मुलीच्या वडिलांचं घड्याळ चोरून चार डॉलरला गहाण ठेवलेलं असतं, आळ येतो याच्यावर. आई, तुला आवडेल ते पुढचं. तो गुप्तहेर होण्याची स्वप्नं बघत झोपलेला असताना ती मुलगी स्वतः गहाणवटीच्या दुकानात जाऊन खरा चोर शोधून काढते. शेवट सांगत नाही. कीटनचा चेहरा मात्र नीट बघा. तो हसत नाही, तरी त्याला काय वाटतंय ते डोळ्यांत सगळं दिसतं.

मग हॅरल्ड लॉइडचा 'गर्ल शाय', तोही १९२४ चाच. त्यातला शिंप्याकडचा उमेदवार मुलींसमोर तोतरा होतो. आवडत्या मुलीचं दुसऱ्याशी होणारं लग्न थांबवायला तो मोटार, घोडा, ट्राम, मिळेल ते घेऊन धावतो. एका अपघातात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती, हे मनात ठेवून ती धावाधाव बघा. मला तर तो माणूस फार थोर वाटतो.

मध्ये मध्ये इंग्रजी पाट्या येतात, पण थोड्याच. आई, तू त्यांचा अर्थ बाबांना सांग, फार बोलावं लागणार नाही. बाबा, मशीन खुशाल काढून ठेवा, पियानोचं संगीत नंतर भरलेलं आहे, ऐकलं नाही तरी अडत नाही.

दोन्ही यूट्यूबवर आहेत. रविवारी येऊन टीव्हीवर लावून देते. आवडले तर चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' पुढच्या खेपेला.

तुमची,
माई