कोटगढहून आल्यावर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल पहाटे नाशिकरोडला उतरलो, नऊपर्यंत घरी पोचलो. इथे अंगणात पाय ठेववत नाही असं ऊन, आणि पिशवीतून तुझा मरून स्वेटर निघाला. जाताना मी तो दोनदा बाहेर काढून ठेवला होता. तू आईला फोन करून तिसऱ्यांदा भरायला लावलास. बरं केलंस. आठ दिवस तो माझ्या अंगावरच होता.

निफाडच्या माणसाला थंडीचं काय कौतुक, असं मला वाटायचं. पारा ३-४ अंशांवर आला की आपण पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतोच. पण आपली थंडी कोरडी, ऊन वर आलं की निघून जाते. कोटगढची मे महिन्यातली थंडी पावसाबरोबर येते आणि घरात मुक्काम करते. कालक्याहून शिमल्यापर्यंत छोटी गाडी, ९६ किलोमीटर आणि शंभरावर बोगदे. तिथपर्यंत आईने खिडकी उघडी ठेवली होती. पुढे जीपने नारकंड्याला पोचलो तर समोर ढगांशिवाय काही दिसेना. आईने दोन्ही शाली एकावर एक घेतल्या.

सफरचंदवाले काका रस्त्यावर छत्री घेऊन उभे होते. ते शिवारफेरीत आपली बाग बघायला आले तेव्हा तू चौथीत होतीस. तेव्हापासून त्यांची सप्टेंबरची पेटी आणि आपली फेब्रुवारीची पेटी कधी चुकली नाही, पण त्यांच्या घरी जायला मला इतकी वर्षं लागली. घरात मधोमध लोखंडी चूल, तिला ते तंदूर म्हणतात. पत्र्याचं धुराडं थेट छताबाहेर. दिवसभर सगळं घर तिच्याभोवती. काकूंनी पहिल्या रात्री सिड्डू केले. आंबवलेल्या कणकेत अक्रोडाचं सारण भरून उकडायचे आणि वर तूप. आपल्या नागपंचमीच्या दिंडांची आठवण झाली. आई लगेच कृती विचारत बसली, दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नसताना.

तिथल्या सफरचंदाची गोष्ट तुला आवडेल. सॅम्युअल स्टोक्स नावाचा अमेरिकन तरुण १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी या डोंगरांत आला आणि कोटगढचाच झाला. त्याने अमेरिकेहून डेलिशस जातीची गोड सफरचंदं आणून इथे लावली. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेला, १९३२ साली हिंदू होऊन सत्यानंद झाला. ठाणेधारला त्याने बांधलेलं मंदिर आहे, लाकडावर उपनिषदांतली वचनं कोरलेली. पावसात आम्ही बराच वेळ तिथे बसून होतो. मी हात जोडले ते रोपांसाठी. सगळ्या खोऱ्याचा संसार त्या रोपांवर उभा राहिला.

सफरचंदाला थंडी लागतेच, हिवाळ्यात ७ अंशांखाली हजारेक तास मिळाले तर झाड नीट फुलतं. पण ती थंडी हिवाळ्यात हवी, मे महिन्यात नको. सफरचंद अजून अक्रोडाएवढी होती, त्यांच्यावर गारपिटीसाठी पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या. अख्खा डोंगर धुतलेली धोतरं वाळत घातल्यासारखा दिसतो. चेरी मात्र नेमकी तोडणीला आली होती. चौथ्या दिवशी रात्रभर पाऊस झाला. सकाळी काकांनी एक घोस हातात दिला, फळ न् फळ तडकलेलं. सालीतून पाणी आत शिरतं आणि फळ फुटतं. मी काही बोलू शकलो नाही. अवकाळीने आपले मणी फुटले होते त्या सकाळी मी बागेत कसा उभा होतो, ते तुला आठवत असेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते सांगतो.

काकांनी तो घोस मला दाखवला आणि मग सुनेकडे वळून विचारलं, "बेटा, अब क्या करें?" बाग तीच बघते. तिने झाडामागून झाड फिरून पाहिलं, खालच्या अंगाची चेरी वाचली आहे, ती आजच उतरवू म्हणाली. आम्ही सगळे कामाला लागलो, आईसुद्धा. बोटं गारठून देठ धरता येईना. संध्याकाळी तंदूरजवळ बसून एकेक फळ निवडत डबे भरले. दुसऱ्या दिवशी उघडीप होती, तर ती सफरचंदाची विरळणी करायला शिडीवर. कात्री डाव्या हातात.

मी खाली उभा राहून बघत राहिलो. ताई, तू दहावीत असताना फळांसाठीच्या गोडी छाटणीला कात्री मागितली होतीस. डाव्या हाताने काप वाकडा जातो, तू अभ्यास कर, असं मी म्हणालो. आणि त्याच दिवशी तुझ्याहून धाकट्या चुलतभावाला शेजारी उभं करून काडी कशी धरायची, कितव्या डोळ्यावर काप घ्यायचा, सगळं शिकवलं. तू बांधावर बसून बघत होतीस. नंतर तू कधी मागितली नाहीस आणि मला ते बरंच वाटलं. माझी चूक झाली. हे फोनवर बोलायला जमलं नसतं.

काकांच्या सुनेला कात्रीबद्दल विचारलं. डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते, पातं उलट्या बाजूला असतं. मला इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हतं. तशीच एक मागवली आहे.

पुण्याचं तुझं शिक्षण चालू दे, त्यात काही बदल करायला मी सांगत नाही. वरच्या तुकड्याची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धरली आहे. परीक्षा कधी ते कळव, म्हणजे चार दिवस पुढेमागे करू. पहिल्या दोन ओळी तुझ्यासाठी ठेवतो.

काकूंनी तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणून दिलेत, त्यांना माप मी अंदाजाने सांगितलं. आईने चेरीचा मुरंबा केला आहे, येणाऱ्याबरोबर पाठवतो.

तुझा,
नाना