वश्या, तुझ्या डोक्याबद्दल

प्रिय वश्या,

एवढं जाड पत्र बघून तू आधी शेवटचं पान उलटून मी पैसे मागितलेत का ते बघशील. मागितलेले नाहीत. तेव्हा एक शिवी घाल आणि वाचायला बस. चिऊ झाली तेव्हा तुझा फोन आला होता आणि मी ‘रात्री करतो’ म्हणालो होतो. ती रात्र आज साडेपाच महिन्यांनी उगवली आहे. तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर आहे, नीलूची पाठ दुखते, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. संपलं तब्येतीचं.

आता खरं कारण. असं काही झालंय की ते तुझ्याशिवाय कुणाला लिहून कळणार नाही, आणि नेमकं तुलाच लिहायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चिऊचं डोकं मागून सपाट आहे.

हस. हसून घे. मी थांबतो.

तिसरा महिना संपून गेला होता. आंघोळ झाली, केस ओले होऊन डोक्याला चिकटले होते आणि मी वरून बघत होतो. उजवीकडे मागचा भाग चेपलेला. बरं, तेवढंच असतं तर चाललं असतं, पण उजवा कान डाव्यापेक्षा पुढे आलेला, आणि उजवं कपाळही किंचित पुढे. कुणीतरी अख्खी उजवी बाजू मागून ढकलल्यासारखी. नीलूला हाक मारली. ती म्हणाली, ‘मला पंधरा दिवसांपासून दिसतंय, तू घाबरशील म्हणून बोलले नाही.’ मी घाबरलोच. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी मिळाली. ते दोन दिवस मी नको नको ते वाचत बसलो. बाळाची कवटी अनेक हाडांची असते, मध्ये शिवणी असतात, मेंदू वाढतो तशी त्या शिवणींतून कवटी वाढते. एखादी शिवण वेळेआधीच जुळून गेली तर डोकं भलत्या आकारात वाढतं आणि ऑपरेशन करावं लागतं. साधारण दोन-अडीच हजारांत एखाद्या बाळाला असं होतं. रात्री तीन वाजता दोन हजार हा आकडा फार लहान वाटतो रे.

डॉक्टरीणबाईंनी चिऊला मांडीवर घेतलं, वरून बघितलं, बोटांनी शिवणी चाचपल्या आणि म्हणाल्या, ‘समांतरभुज आहे, समलंब नाही. ऑपरेशनचं काही नाही.’ मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. दहावीच्या सुट्टीत तू मला हाच फरक चार दिवस शिकवत होतास आणि शेवटी वही भिरकावलीस, आठवतं? आता कायमचा कळला. एकाच कुशीवर दाब पडून डोकं चेपलं तर त्या बाजूचा कान आणि कपाळ दोन्ही पुढे सरकतात, म्हणजे वरून समांतरभुज चौकोन दिसतो. मागची शिवण जुळलेली असली तर कान सहसा मागे ओढला जातो आणि आकार समलंबाकडे झुकतो. भूमितीचे मास्तर हे उदाहरण देते तर मी पहिल्या झटक्यात पास झालो असतो.

आमच्या केसचं कारण मान. डावीकडचा स्नायू जन्मापासून आखडलेला, त्यामुळे ती कायम उजवीकडे बघणार. त्यात तिचा पलंग भिंतीला लावला कुणी? मी. डावीकडे भिंत, उजवीकडे दार, दिवा, आई, सगळं जग. एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. दुसऱ्या दिवशी पलंग फिरवला, पण साडेतीन महिन्यांनी फिरवून काय!

पालथं झोपवायचं का, तर नाही. बाळाला झोपवायचं उताणंच, त्यात तडजोड नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी 1992मध्ये पालथं झोपवू नका असं सांगायला सुरुवात केली, 1994पासून त्याची मोठी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे निम्म्याहून खाली आलं. त्याचबरोबर सपाट डोकी वाढली. सौदा बघितला तर फायद्याचाच आहे, हे मला पटतं. फक्त तो आपल्या घरातल्या डोक्यावर लिहिलेला बघवत नाही. पालथं ठेवायचं ते जागेपणी, समोर बसून. चिऊला ते अजिबात आवडत नाही. दोन मिनिटं मान वर करते, मग गादीत नाक खुपसून असा टाहो फोडते की शेजाऱ्यांना वाटावं आम्ही पोर विकायला काढलीय.

ताईने मध्येच डोकं गोल करणारी उशी पाठवली, मध्ये खळगा असलेली. अमेरिकेच्या एफडीएने 2022मध्ये असल्या उशा वापरू नका, बाळ गुदमरू शकतं, असा इशारा दिलेला आहे. हे ताईला सांगितलं तर ती रुसली. उशी सध्या माझ्या कमरेखाली असते. उत्तम आहे.

फिजिओ, मानेचे व्यायाम, डावीकडून हाका मारणं हे सगळं दोन महिने केलं. मान बरीच सुटली. डोकंही सुधारलं, पण मग अडकलं. गेल्या आठवड्यात तज्ज्ञांनी कॅलिपरने दोन्ही कर्ण मोजले. फरक 11 मिलिमीटर. (डोक्याचे कर्ण असमान झाल्याने डोक्याचे कर्ण पुढेमागे झाले, असा एक विनोद मी तिथे केला. नीलूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तू हसला असतास, म्हणून लिहितोय.) 11 म्हणजे मध्यम. थोडं असतं तर ‘सोडून द्या’ म्हणाले असते, फार असतं तर ‘घालाच’. मध्यम म्हटलं की निर्णय आईबापांच्या गळ्यात.

काय घालायचं, तर हेल्मेट. स्कूटरवाल्यांचं नव्हे. डोक्याचं स्कॅन करून तिच्या मापाने बनवलेलं, बाहेरून प्लॅस्टिक, आतून फोम. ते डोकं दाबत नाही, असं सगळे पुन्हा पुन्हा सांगतात. जिथे फुगलंय तिथे टेकतं आणि जिथे चेपलंय तिथे रिकामी जागा सोडतं, म्हणजे वाढ त्या जागेत होते. दर एक-दोन आठवड्यांनी नेऊन आतला फोम घासून घ्यायचा. दिवसाचे 23 तास घालायचं. उरलेल्या एका तासात आंघोळ, हेल्मेट पुसणं, आणि बापाने मुका घेणं. असं तीन-चार महिने. ही काही नवी टूम नाही, स्टर्लिंग क्लॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपचारावर 1979मध्येच लिहिलंय, म्हणजे तू-मी व्हायच्या आधी.

आणि घाई अशी की डोकं आपल्यासाठी थांबत नाही. मुलींच्या डोक्याचा घेर जन्मतः सरासरी 34 सेंटीमीटर, सहा महिन्यांना 42, वर्षाला 45. पहिल्या सहा महिन्यांत आठ आणि पुढच्या सहांत फक्त तीन! हेल्मेटला जे काही करायचं ते त्या तीनात. तज्ज्ञ म्हणाले, घालायचं असेल तर सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू करा. येत्या मंगळवारी स्कॅनची वेळ घेऊन ठेवलीय.

नीलूला घालायचंय. मला नकोय. माझ्या हातात एक डच अभ्यास आहे, 2014 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला. पाच-सहा महिन्यांची 84 बाळं, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना हेल्मेट, अर्ध्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर पूर्ण बरी झालेली हेल्मेटवाली 26 टक्के आणि बिनहेल्मेटची 23 टक्के. म्हणजे उन्नीस-बीसचाच फरक. वर हेल्मेटवाल्या प्रत्येक घरात काही ना काही त्रास झाला, कुणाला पुरळ, कुणाला घामाचा वास, आणि चारांतल्या तीन आईबापांनी सांगितलं की लेकराला कुशीत घेता येईना. हे वाचून मला वाटलं केस जिंकली.

नीलू वकिलाची मुलगी. तिने रात्रभर बसून तोच अभ्यास वाचला. सकाळी म्हणाली, ‘यात मान आखडलेली बाळं घेतलीच नव्हती. फार जास्त चेपलेलीही नव्हती. हेल्मेट डोक्यावर नीट बसत नव्हती असाही आक्षेप आहे. आणि ज्या पालकांना विचारलं त्यातले बहुतेक चिठ्ठी टाकायलाच तयार झाले नाहीत. तू झाला असतास?’ मग तिने 2016च्या अमेरिकन न्यूरोसर्जन लोकांच्या शिफारशी काढल्या, त्यात व्यायाम करूनही मध्यम ते जास्त फरक उरला तर हेल्मेट सुचवलंय. माझं म्हणणं, केसांत झाकून जाईल. मेंदूला काही होत नाही हे सगळेच सांगतात, प्रश्न फक्त दिसण्याचा आहे. तर ती म्हणाली, ‘फक्त?’

आणि मग, वश्या, मी जे बोललो ते तुला सांगायलाच हवं. मी म्हणालो, ‘दिसण्यावरून कुणी काही मरत नाही. आमच्या वश्याला आम्ही चार वर्षं पाटा म्हणायचो. काय झालं त्याला?’

तिने पाटा म्हणजे काय ते विचारलं. सांगायला लागलो तेव्हा गंमत म्हणून सांगत होतो. पहिल्या वर्षी गोट्याने पैज लावून तुझं टक्कल करवलं, मागून पाहिल्यावर मी म्हणालो ‘डोकं आहे की पाटा’, आणि तेच नाव चिकटलं. मग गॅदरिंगच्या ओळी म्हणून दाखवल्या. अजून पाठ आहेत मला, काय हे!

पुढून वश्या राजबिंडा, मागून वश्या भिंत,
खिळा ठोका, फोटो टांगा, करू नका खंत.

नीलू हसली नाही. म्हणाली, ‘मग तो काय म्हणाला?’

मला उत्तर आलं नाही. खरंच आठवेना. तू तीन आठवडे माझ्याशी बोलला नव्हतास ते आठवलं, पण ते मी आजवर त्या सायकलच्या भांडणात धरत होतो. (सायकल तूच पंक्चर केली होतीस, त्यावर मी आजही ठाम आहे.) मग आठवलं की त्यानंतर तू टोपी घालायला लागलास. उन्हातही, वर्गातही, जेवतानाही. मास्तरांनी काढायला लावली की तू भिंतीला टेकून मागच्या बाकावर बसायचास. मला वाटायचं स्टाइल मारतोयस.

आता चिऊ झोपली की मी तिच्या डोक्यामागून हात फिरवतो. तो सपाट भाग तळहातात नेमका बसतो. आणि मला वर्गातलं कुठलं तरी पोरगं दिसतं, हजरजबाबी, चार ओळी जुळवणारं. त्याला मी काय करणार? तो मीच आहे.

म्हणून विचारतो, आणि थट्टेवारी नेऊ नकोस. तुला किती लागलं होतं? नाव नसतं तर ते डोकं तुझ्या लक्षात तरी आलं असतं का? त्या वेळी तुझ्या आईबाबांना कुणी सांगितलं असतं की चार महिने हे घाला, वास येईल, पुरळ येईल, कदाचित आपोआपही सुधारेल, तर त्यांनी घालावं असं तुला आज वाटतं का? तू काहीही म्हणालास तरी निर्णय आमचाच, तुझ्यावर ढकलणार नाही. ‘वश्या म्हणाला’ असं चिऊला कधी सांगणार नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? काका परत फिरायला जायला लागले का? वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेली अंगडी तिला आता होत नाहीत, पण तिन्ही वापरली. आणि तू ते घर घेतलंस की नाही? घेतलं असशील आणि मला सांगितलं नसशील तर बरोबरच आहे.

नीलूला तुझ्या डोक्याचा मागून फोटो हवाय. टोपी न घालता, केस ओले करून. मंगळवारच्या आत पाठव.

तुझा,
दिल्या

ता. क. ती निळी टोपी रेक्टरने जप्त केली नव्हती. माझ्याकडे आहे.