सी शिकवा, पण ईव्हेंट लूपचा बॅकएंड लिहायला लावून शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शिक्षण पुरवणीत मागच्या आठवड्यात एका पालकांचं पत्र आलं होतं, एआयच्या जमान्यात इंजिनिअरिंगच्या पोरांना अजून सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा कशाला शिकवता म्हणून. मी ते दोनदा वाचलं. त्यांची तळमळ खरी आहे, एवढी फी भरायची आणि पोरगं शेवटच्या वर्षाला पण स्टारचे पिरॅमिडच प्रिंट करत बसलं असेल तर कुणाचाही जीव तुटेल. पण यात सीची काही चूक नाही ओ, आपण सी जिथं थांबवतो तिथं चूक आहे. पॉइंटर झाला, लिंक्ड लिस्ट झाली, फाइल उघडून बंद केली, की विषय संपला. ऑपरेटिंग सिस्टीमशी सी बोलते कशी ते पोरांना कुणी दाखवतच नाही, आणि खरी गंमत तर तिथनंच सुरू होते.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, गेली बरीच वर्षं सर्व्हर प्रोग्रॅमिंग करतोय. मागं एका कामात आमच्याकडं ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवरच्या जीपीएस डिव्हाइसचा डेटा गोळा करायचा सर्व्हर होता, प्रत्येक डिव्हाइसचं एक कनेक्शन कायम उघडं. आतला लूप सिलेक्टवर लिहिलेला. सिलेक्ट म्हणजे 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सपासूनचा कॉल, त्याला सगळ्या सॉकेटची, म्हणजे कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकांची, यादी द्यायची आणि तो सांगतो कुणाकडं डेटा आलाय. पावसाळ्यात टेस्टिंग झालं, आठशे कनेक्शन, सगळं मस्त. गळीत हंगाम सुरू झाला आणि कनेक्शन हजारावर गेली की सर्व्हर रात्री अपरात्री पडायला लागला, आणि प्रत्येक वेळी कोडच्या वेगळ्याच ओळीवर. आठ दिवस आम्ही नेटवर्कला दोष देत होतो.

शेवटी सापडलं काय, तर सिलेक्टच्या यादीत फक्त 1024 जागा असतात. लिनक्सवर एका प्रोसेसला किती सॉकेट उघडता येतील याची एरवीची मर्यादा पण तेवढीच असते, म्हणून यादीबाहेर कुणी जात नाही, त्याआधीच नवीन कनेक्शन घेताना सरळ एरर येतो. आमच्यातल्याच एकानं ती मर्यादा वाढवून 4096 केलेली, चांगल्या हेतूनंच. मग 1024 च्या पुढच्या नंबरचं सॉकेट आलं की यादीच्या बाहेरच्या मेमरीत बिट लिहिला जायचा, तिथं जे काही असेल ते खराब, आणि प्रोग्रॅम पडायचा भलतीकडंच. आमच्या टीममध्ये सगळे शिकलेले होते हो, चांगल्या मार्कांनी पास झालेले, पण सिलेक्टचं मॅन पेज, म्हणजे सिस्टीमसोबत येणारं माहितीचं पान, ज्यात हे स्पष्ट लिहिलंय, ते आमच्यापैकी कुणी पूर्ण वाचलं नव्हतं.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात माझ्याकडं इंटर्नशिपला दोन पोरं आली, एक इचलकरंजीची मुलगी आणि एक गडहिंग्लजचा मुलगा, त्यांना मी वेबसाइट बनवायला दिलीच नाही. सांगितलं, सी मध्ये छोटा ईव्हेंट लूप लिहा, म्हणजे कुठल्या सॉकेटवर काय घडतंय याची वाट बघायची, घडलं की काम करायचं आणि परत वाट बघायची. वरचा भाग दोघांचा एकच, खाली बॅकएंड मात्र ऑपरेटिंग सिस्टीमप्रमाणं वेगळा. मध्ये चार फंक्शन पॉइंटर, म्हणजे वरच्या भागानं बॅकएंडला सांगायची चार कामं: सुरू कर, सॉकेट जोड, सॉकेट काढ, वाट बघ. सिलेक्टचंच काम करणारे पुढचे कॉल घ्यायचे: तिनं लिनक्सचा ईपोल, त्यानं फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम व्हर्च्युअल मशीनवर टाकून तिचा केक्यू. दोन्हीही तशी जुनी मंडळी आहेत, केक्यू 2000 साली फ्रीबीएसडी 4.1 मध्ये आला, ईपोल 2002 साली लिनक्स 2.5.44 मध्ये. सुरुवातीला वाचायला रेडिस या डेटाबेसचा सोर्स दिला, त्यात ईपोलची वेगळी फाइल, केक्यूची वेगळी, सिलेक्टची वेगळी, प्रत्येक फाइल लहानशी, आणि कंपाइल करतानाच ठरतं कुठली घ्यायची. जगभर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काळीज एवढंसं असतं हे बघून पोरांचा चेहरा बदलला तो मला अजून आठवतो.

ईपोलमध्ये दोन पद्धती असतात, लेव्हल आणि एज. हे मी त्यांना पंचगंगेवरनं सांगितलं. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. आता समजा पाणी 39 च्या वर आहे तोवर तुम्ही जेव्हा विचाराल तेव्हा "होय, वर आहे" असं उत्तर येणार, ही लेव्हल. आणि पाणी 39 ओलांडताना एकदाच फोन येणार, नंतर तुम्ही झोपलात तर तुमचं तुम्ही बघा, ही एज.

मुलीनं एज घेतली, फास्ट असते म्हणून. टेस्टिंगचा क्लायंट एका दमात 6000 बाइट पाठवून उत्तराची वाट बघायचा. सर्व्हर पहिल्यांदा चालवला आणि सगळं गप्प, एरर नाही, क्रॅश नाही, काहीच नाही. दीड तास ती स्क्रीनकडं बघत बसलेली, मी मुद्दाम काही बोललो नाही. मग तिनं कनेक्शनची स्थिती दाखवणारी एसएस कमांड मारली आणि रिसीव्ह क्यूच्या, म्हणजे आलेल्या पण न वाचलेल्या बाइटच्या रकान्यात आकडा दिसला, 1904. तिच्या बफरची, म्हणजे वाचलेलं ठेवायच्या जागेची, साइज 4096. वहीत वजाबाकी केली, 6000 वजा 4096, आणि जागेवरनं उठलीच. तिचा सर्व्हर एकदा वाचून परत ईपोलच्या दारात जाऊन झोपला होता, उरलेले 1904 बाइट ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये पडून, आणि नवीन काही येत नाही म्हणून फोन परत वाजत नाही. सर्व्हर क्लायंटची वाट बघतोय आणि क्लायंट सर्व्हरची. एज घेतली की ईअगेन, म्हणजे "आता काही उरलं नाही" असं उत्तर, येईपर्यंत वाचत राहायचं, हे वाक्य आता ती जन्मात विसरणार नाही.

मुलाचा घोळ वेगळाच झाला. ईपोलमध्ये एका सॉकेटची एकच नोंद असते, वाचायचं आणि लिहायचं दोन्ही त्यातच. केक्यूमध्ये या दोन वेगळ्या नोंदी, त्यामुळं एकाच फेरीत एकाच सॉकेटच्या दोन घटना हातात येऊ शकतात. पहिल्या घटनेत समोरचा निघून गेलेला कळला, यानं सॉकेट बंद केलं, मेमरी फ्री केली, आणि पुढची घटना त्याच फ्री केलेल्या मेमरीकडं बोट दाखवत उभी. शेवटी "मेलेला" म्हणून खूण करून ठेवायची आणि पूर्ण फेरी संपल्यावर फ्री करायचं, असं त्याचं त्यानंच शोधलं. टायमरचं पण तसंच, केक्यू नॅनोसेकंदात टाइमआउट घेतो, ईपोल वेट मिलिसेकंदात पूर्णांक घेतो, पुढच्या टायमरला 0.4 मिलिसेकंद उरले की त्याचा शून्य होतो आणि लूप गरागरा फिरून एक सीपीयू शंभर टक्के खातो. वरच्या आकड्याला न्यायचं, एवढाच उपाय.

आता कोण म्हणेल पोरांकडं तर विंडोजचे लॅपटॉप असतात. मग अजून चांगलं. विंडोजची याच कामाची सोय म्हणजे आयओसीपी, ती 1994 च्या विंडोज एनटी 3.5 पासून आहे आणि तिचा विचारच उलटा आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बघा, ईपोल आणि केक्यू म्हणतात "म्हैस आली, तांब्या घेऊन या", म्हणजे तयार झाल्याचं सांगतात, धार तुम्ही काढायची. आयओसीपी म्हणतो तांब्या आधीच देऊन ठेवा, भरला की हाक मारतो. मग हाक येईपर्यंत त्या तांब्याला हात लावायचा नाही, म्हणजे बफर फ्री करायचा नाही, हलवायचा नाही. आपले चार फंक्शन पॉइंटर इथं पुरत नाहीत, अख्खा इंटरफेस परत मांडावा लागतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड विंडोजवर न्यायचं ठरलं तेव्हा लिबयूव्ही ही लायब्ररी यातूनच जन्माला आली. लिनक्समध्ये पण 2019 ला 5.1 मध्ये आयओ युरिंग आलं ते याच आधी देऊन ठेवायच्या वळणाचं. हे सगळं कळलेल्या पोराला उद्या कुठलीही भाषा द्या, एआयनं लिहून दिलेला कोड द्या, तो कुठं अडकलाय हे त्याला बघता येणार.

कारखान्यांचं आपलं उद्यमनगर उगाच नाव कमावून नाही बसलेलं. तिथं मिस्त्रीकडं पोरगं राहिलं की पहिल्यांदा इंजिन खोलायला देतात, सगळं खोल, पुस आणि परत बसव. कॉम्प्युटरच्या पोरांना मात्र आपण बॉनेट पण उघडू देत नाही आणि परत म्हणतो यांना काही येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या यादीत तीच लायब्ररी मॅनेजमेंट, तीच हॉस्टेल मॅनेजमेंट येते, कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजनं त्यात निदान एका ग्रुपला हा विषय द्यावा. खर्च शून्य आहे, लिनक्स फुकट, फ्रीबीएसडी फुकट, मॅन पेज मशीनमध्येच असतात. मार्क द्यायचे ते डेमो चालला म्हणून नको, कुठं अडकलो आणि कसं शोधलं याची वही बघून द्या, त्या मुलीच्या वहीतली ती वजाबाकी मला शंभरातल्या शंभराची वाटते. आणि शिकवायला माणूस नाही असं कुणी म्हणत असेल तर रविवारी सकाळी माझा वेळ मोकळा असतो, पैसे नकोत, एक खोली आणि प्रोजेक्टर द्या, मी लॅपटॉप घेऊन येतो. कुठल्या कॉलेजनं विचारलं तर माझा नंबर तुमच्या कार्यालयात देऊन ठेवतोय.

आपला,
एक सॉफ्टवेअर इंजिनिअर
राजारामपुरी, कोल्हापूर